टी.वाय.नंतर कुठे? इथली एमएस्सी, जॅम, चौथं वर्ष की वाळूजची पाळी

हे मराठवाड्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे एस.वाय.ला असलेल्यांसाठी लिहिलंय. टी.वाय.चा निकाल लागल्यावर ‘आता काय करू’ म्हणून विचारणाऱ्याला सांगण्यासारखं फार थोडं उरतं. जॅमचा, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज पाचव्या सत्रात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भरायचा असतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. जूनमध्ये जाग आलेल्याला तो रस्ता एक वर्ष घरी बसूनच मिळतो, आणि घरी बसलेलं वर्ष लग्नकार्यात, शेतात नि पाहुण्यांच्या प्रश्नांत कसं जातं ते कळतही नाही.

रस्ते चार धरलेत. निवडताना आधी आपला विषय बघा, संस्थेचं नाव नंतर. रसायनवाल्यांना चारही मोकळे आहेत. सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांना औषध कंपनीचं दार आहे, पण अरुंद. भौतिक आणि गणितवाल्यांना नुसत्या बीएस्सीवर एमआयडीसीत विषयाचं काम जवळपास मिळत नाही, तेव्हा त्यांनी पुढचं शिक्षण गृहीतच धरावं. (हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येतेय म्हणून फिजिक्स घ्या, असं सांगणारे काका प्रत्येक गावात आहेत. प्रकल्पाला 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली हे खरं. पण तिथली शास्त्रज्ञांची पदं जिल्हा बघून भरत नाहीत. लेझर, व्हॅक्यूम, कंट्रोल सिस्टीम यातलं शिक्षण लागतं, आणि ते बाहेरूनच घेऊन यावं लागेल.)

इथली एमएस्सी

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. धाराशिव आणि लातूरला उपकेंद्रं आहेत. ही झाली माहिती. खरा फरक या दोन विद्यापीठांत नाही, तो विद्यापीठाचा विभाग आणि संलग्न महाविद्यालय यांच्यात आहे. पदवी दोन्हीकडे विद्यापीठाचीच, पण विभागात आजूबाजूला पीएचडी करणारी पोरं असतात, ग्रंथालय मोठं असतं, आणि नेटची (प्राध्यापकपद आणि संशोधनवृत्तीसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेची) तयारी करणारा गट आयता मिळतो. महाविद्यालयात घर जवळ राहतं, खर्च वाचतो, शिक्षक नावाने ओळखतात. काही जुन्या महाविद्यालयांची प्रयोगशाळा विभागापेक्षा बरी असते, काहींची नुसती रंगवलेली असते.

ते ओळखायचं कसं? प्रवेशाआधी एकदा जाऊन या आणि तिथल्या एमएस्सी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चार गोष्टी विचारा. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरला विद्यार्थी स्वतः हात लावतात की सर रीडिंग काढून फळ्यावर लिहितात? प्रॅक्टिकलला एका सेटवर किती जण असतात? दोन असतील तर उत्तम, पाच असतील तर तिघे फक्त जर्नल उतरवतात. पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिकेवरचे शिक्षक वाईट शिकवतात असं अजिबात नाही, पण त्यांच्या नेमणुका उशिरा होतात आणि तोवर तो पेपर कोणी शिकवत नाही. चौथा प्रश्न, मागच्या वर्षीचे प्रकल्प-अहवाल बघायला मिळतील का? दोन अहवाल चाळले की कळतं, स्पेक्ट्रा तिथे काढलेत की कुठून तरी चिकटवलेत.

या रस्त्याचं बलस्थान खर्च. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आणि शुल्कसवलती लागू होतात, घरचा डबा एसटीने येतो, मेसचा खर्च अर्धा होतो. कमकुवत बाजू अशी की एमएस्सी झाल्या झाल्या हातात काही पडत नाही. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा राज्याची पात्रता परीक्षा सेट हवी. सेट महाराष्ट्रातल्या प्राध्यापकपदाच्या पात्रतेपुरती, तिच्यावर फेलोशिप नाही. सीएसआयआर-नेटमध्ये (विज्ञान विषयांची नेट) जेआरएफ ही संशोधनवृत्ती निघाली तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात, आणि तेव्हा कुठे घरच्यांना वाटतं की पोरगं कामाला लागलं. म्हणून इथली एमएस्सी घेणाऱ्याने पहिल्या सत्रापासून नेटचा अभ्यासक्रम समोर ठेवावा. दुसऱ्या वर्षाला असतानाच परीक्षेला बसता येतं. दोन वर्षं फक्त विद्यापीठाच्या पेपरांसाठी वाचून शेवटी नेटकडे वळणाऱ्याला सगळं पुन्हा वाचावं लागतं.

आणखी एक. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एमएस्सीचं पहिलं वर्ष करून बाहेर पडलं तर पीजी डिप्लोमा मिळतो. घरची अडचण आली तर वर्ष अगदीच वाया जात नाही, एवढाच त्याचा उपयोग धरा.

जॅम आणि सीयूईटी

आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी जॅमच्या गुणांवर प्रवेश देतात, एनआयटींचे प्रवेशही त्याच गुणांवर वेगळ्या समुपदेशनातून होतात. हैदराबाद, बनारस, दिल्ली अशा केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेशपरीक्षा. आपल्याकडे जॅमचं नाव मोठं आणि सीयूईटी कुणाच्या खिजगणतीत नाही, हे उलटं आहे. नांदेड-परभणीच्या मुलाला रेल्वेने हैदराबाद एका रात्रीचं अंतर आहे. तिथल्या केंद्रीय विद्यापीठाच्या विज्ञान शाखा देशात नावाजलेल्या आहेत, आणि तेलंगणातलं जेवण आपल्या जिभेला परकं नाही.

दोन्हींची मांडणी अशी:

| | जॅम | सीयूईटी-पीजी |
|---|---|---|
| प्रश्न आणि गुण | 60 प्रश्न, 100 गुण | 75 प्रश्न, 300 गुण |
| वेळ | 3 तास | दीड तास |
| चुकीच्या उत्तराला | फक्त ‘अ’ विभागात, प्रश्नाच्या गुणाच्या एक तृतीयांश कपात | प्रत्येकी 1 गुण वजा, बरोबरला 4 |
| प्रश्नांचा प्रकार | एक पर्याय, अनेक पर्याय, संख्या टाइप करणे | चार पर्यायांतून एक |
| वनस्पती, प्राणिशास्त्र | स्वतंत्र पेपर नाही | स्वतंत्र पेपर आहेत |

जॅमचे पेपर सातच: भौतिक, रसायन, गणित, गणिती संख्याशास्त्र, भूशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी, अर्थशास्त्र. जीवशास्त्रवाल्यांना बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरला बसावं लागतं आणि त्यात बारावीच्या पातळीचं गणित, भौतिक, रसायनही येतं. बारावीला गणित सोडलेल्यांनी तो पेपर एकदा उघडून बघावा आणि मगच ठरवावं. बऱ्याच जणांसाठी सीयूईटीच सरळ पडते.

अंदाजाने उत्तर मारायचं का, याचं गणित दोन्हीकडे वेगळं आहे आणि तिथेच गुण जातात. जॅमच्या दोन गुणांच्या प्रश्नात डोळे झाकून मारलं तर चारातून एकदा 2 मिळतात आणि तीनदा दोन तृतीयांश जातात, म्हणजे सरासरी शून्य. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर मात्र मारणं फायद्याचं, कारण सरासरी थोडी वर येते. सीयूईटीत डोळे झाकून मारलं तरी चार प्रश्नांत 4 मिळतात आणि 3 जातात, म्हणजे एकाची शिल्लक राहते. तिथे शेवटच्या दोन मिनिटांत रिकामा प्रश्न सोडणं हा शुद्ध तोटा. जॅमच्या ‘ब’ विभागात, जिथे एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, चुकीला कपात नाही, पण अर्धे गुणही नाहीत. तीन बरोबर असताना दोनच निवडले तर शून्य. ‘क’ विभागात संख्या टाइप करायची, कपात नाही. या दोन विभागांचे मिळून 50 गुण होतात, आणि आपली मुलं तिथेच मागे पडतात.

मागे पडण्याचं कारण हुशारी नाही, सवय आहे. आपल्या पेपरात ‘हेंडरसन समीकरण सिद्ध करा’ येतं आणि ते सगळ्यांना पाठ असतं. जॅम विचारतं: 0.1 मोलार ॲसिटिक ॲसिडच्या 50 मिलीत 0.1 मोलार सोडियम हायड्रॉक्साइडचं 25 मिली घातलं, पीएच किती? ॲसिड 5 मिलिमोल, अल्कली 2.5 मिलिमोल, म्हणजे बरोबर अर्धं ॲसिड उदासीन झालं. ॲसिड आणि त्याचं मीठ समान उरलं, लॉग एक म्हणजे शून्य, पीएच म्हणजे पीकेए, 4.76. कागदाला पेनही न लावता येणारं उत्तर. ज्याने समीकरण पाठ केलं पण कधी आकडे घातले नाहीत, तो तिथे पाच मिनिटं घालवतो. आणि 180 मिनिटांत 60 प्रश्न म्हणजे सरासरी तीनच मिनिटं हातात असतात.

तयारी एस.वाय.च्या दिवाळीनंतर सुरू करा. आधी क्लास शोधू नका, आधी मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या. त्या परीक्षा घेणाऱ्या आयआयटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिल्या तीन महिन्यांत प्रश्नपत्रिका धडेवार फोडून सोडवा: आज फक्त थर्मोडायनॅमिक्सचे दहा वर्षांचे प्रश्न, उद्या फक्त रेषीय बीजगणिताचे. कोणता धडा दरवर्षी येतो आणि कोणता कधीच येत नाही, ते आपोआप दिसतं. टी.वाय.च्या डिसेंबरपासून दर रविवारी एक पूर्ण पेपर, तीन तास एका बैठकीत, आणि संगणकाच्या पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर. हातातलं कॅल्क्युलेटर परीक्षेत चालत नाही आणि पडद्यावरचं माउसने चालवायला वेळ लागतो, हे पहिल्यांदा परीक्षा केंद्रावर कळू देऊ नका. पेपर इंग्रजीत असतो. वर्गात मराठीतून समजून घेतलेलं चालतं, फक्त प्रश्न वाचण्याचा वेग इंग्रजीतच वाढवावा लागतो.

गणितवाल्यांनी एवढ्यावर थांबू नये. माधव गणित स्पर्धा आणि एमटीटीएस हे गणिताचं उन्हाळी शिबिर, दोन्हींचे अर्ज पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून भरता येतात. भौतिकवाल्यांना आयएपीटीची (भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेची) पदवी स्तरावरची भौतिकशास्त्र परीक्षा आहे. यातलं काही निघालं नाही तरी चालेल. सिद्धता स्वतः लिहायची आणि प्रश्न स्वतः सोडवायचा सराव होतो, तोच जॅमला उपयोगी पडतो.

जॅमचे गुण त्याच वर्षाच्या प्रवेशाला चालतात. आणि इथे सगळ्यात जास्त घात होतो तो एटीकेटीने. जॅममध्ये चांगला क्रमांक आला, पण चौथ्या सत्राचा एक विषय राहिला, पुनर्परीक्षेचा निकाल लांबला, संस्थेने दिलेल्या मुदतीत गुणपत्रक पोचलं नाही, की जागा गेली. जॅमसाठी विद्यापीठाचे पेपर बाजूला ठेवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

चौथं वर्ष

संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण 2024-25 पासून आलं. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स. ऑनर्सनंतर एमएस्सी एका वर्षाची. तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, बेरीज पाचच. मग फरक कुठे?

फरक बाहेर जाण्यात पडतो. आयआयटीसारख्या ठिकाणी बहुतेक एमएस्सी दोन वर्षांचीच आहे, तेव्हा इथे चौथं वर्ष करून मग जॅमने गेलात तर एकूण सहा वर्षं. ज्याला बाहेर जायचंय त्याने तीन वर्षांनी निघावं. ज्याला सरळ पीएचडीकडे जायचंय आणि गुण 75 टक्क्यांच्या वर आहेत, त्याला चार वर्षांच्या पदवीवर पीएचडीसाठी पात्र होता येतं. त्याच्यासाठी चौथं वर्ष खरंच उपयोगाचं, पण एका अटीवर: मार्गदर्शक आधी ठरवा. तुमच्या महाविद्यालयात तुमच्या विषयाला मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किती, त्यातले सध्या सक्रिय किती, आणि प्रकल्पाला लागणारी रसायनं कोण आणणार, याची उत्तरं गोलमाल आली तर संशोधनासह ऑनर्स म्हणजे एक जाड अहवाल आणि बाकी काही नाही. आमचं मत विचाराल तर दहातल्या आठ जणांनी तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांची एमएस्सी मोठ्या ठिकाणी करावी. पाच वर्षं एकाच इमारतीत घालवणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते कळत नाही.

वाळूजची पाळी

रसायनवाल्यांना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसीतल्या औषध कंपन्यांत क्यूसी (गुणवत्ता तपासणी), उत्पादन, स्टोअर, दस्तऐवज असे विभाग असतात. घरात पैसा लागतच असेल तर यात कमीपणा काही नाही. फक्त कुठल्या विभागात शिरताय ते बघून शिरा.

औषध नियम, 1945 नुसार उत्पादनावर देखरेख ठेवणारा तांत्रिक माणूस म्हणून रसायन मुख्य विषय असलेल्या बीएस्सीला मान्यता मिळू शकते, पण पदवीनंतर औषध उत्पादनाचा किमान 3 वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. फार्मसीवाल्याला तेच 18 महिन्यांत. म्हणून तीन वर्षांनी मिळणाऱ्या अनुभवपत्रावर विभाग, काम आणि तारखा स्पष्ट असणं पगाराइतकंच महत्त्वाचं. ‘हे आमच्याकडे कामाला होते’ एवढ्याच ओळीचं पत्र पुढे उपयोगाला येत नाही. रुजू होताना विचारा: नेमणूक कंपनीच्या पटावर की ठेकेदाराच्या? अनुभवपत्र कुणाच्या लेटरहेडवर मिळणार? पीएफ कापला जातो का? तीन पाळ्या आहेत का, आणि रात्रपाळीला गाडी कुठून कुठपर्यंत येते?

मुलाखतीत सिद्धांत थोडा आणि हाताची कामं जास्त विचारतात. 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं प्रमाणित कराल? उत्तरात पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट आलं पाहिजे, आणि सोडियम हायड्रॉक्साइड स्वतः प्राथमिक प्रमाण का नाही, तर ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, हेही आलं पाहिजे. 204.22 हे थॅलेटचं रेणुभार पाठ असेल तर 20 मिली खर्चासाठी सुमारे 0.41 ग्रॅम तोलायचं, हे तिथल्या तिथे सांगता येतं. 10 मिलिग्रॅम 10 मिलीत म्हणजे 1000 पीपीएम, त्यातलं 1 मिली 100 मिलीला नेलं की 10 पीपीएम: असली विरलनं तोंडी यायला हवीत. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असेल तर मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारं द्रावण, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळतात आणि त्यातली हवा का काढतात, एवढं तरी. बफर वापरल्यावर कॉलम आधी पाण्याने धुवायचा, थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइल सोडलं तर मीठ आत साखळतं, दाब चढतो आणि महागडा कॉलम जातो. नव्या माणसाच्या हातून पहिल्या महिन्यात हमखास होणारी चूक हीच.

सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांना माध्यमं आणि तापमान विचारतात: सोयाबीन केसिन डायजेस्ट अगार जिवाणूंसाठी 30 ते 35 अंश, सबूरो बुरशीसाठी 20 ते 25.

आणि नोंदी. काम करता करता पेनने लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर नाही, कच्च्या चिठोरीवर लिहून नंतर उतरवणं नाही. कॉलेजात आपण जर्नल नेमकं याच्या उलट लिहायला शिकतो: आधी अपेक्षित उत्तर, मग त्याला जुळणारी रीडिंग. ती सवय आजच मोडा. रीडिंग चुकीचं आलं तर चुकीचंच लिहा आणि खाली कारण लिहा.

साखर कारखान्याची प्रयोगशाळा हाही एक पर्याय आहे, विशेषतः लातूर, धाराशिव, बीडकडे. ब्रिक्स (रसातले विरघळलेले घन पदार्थ), पोल (त्यातली साखर) काढायचं, पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणलं की शुद्धता. काम लवकर येतं, पण गाळप हंगामी आणि कारखाना सुरू होईल की नाही ते पावसावर. तो एका हंगामाचा अनुभव म्हणून धरा, मुक्काम म्हणून नको.

नोकरी करत नियमित एमएस्सी करू, हा बेत बहुतेकांचा फसतो. हजेरी आणि प्रॅक्टिकल पाळीच्या वेळेत येतात, आणि नुसत्या कागदोपत्री केलेली एमएस्सी पुढच्या मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते. दोन वर्षं पैसे साठवून, नोकरी सोडून एमएस्सीला जाणं त्यापेक्षा बरं.

बी.एड. घेणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं: दोन वर्षं, राज्याची सीईटी, आणि अकरावी-बारावीला शिकवायचं तर एमएस्सीही लागते. म्हणून क्रम शक्य तर एमएस्सी आधी, बी.एड. नंतर. स्पर्धा परीक्षेला कुठलीही पदवी चालते. विज्ञान घेऊन तिथे जायचंच असेल तर किती प्रयत्न करायचे ते घरच्यांसमोर आकड्यात ठरवून जा.

दाखले

केंद्रीय संस्थांत जाणाऱ्यांची गुणांइतकीच दाखल्यांवर जागा जाते. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर तिथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो. विजा-भज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) असा वर्ग केंद्रात नाही, त्यामुळे आपल्या जातीचं नाव केंद्रीय ओबीसी यादीत आहे का ते बघा. एसईबीसी (मराठा समाजाचं) आरक्षण राज्यापुरतं आहे. त्यातल्यांना केंद्रात ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र काढता येतं, पण कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि शेतजमीन 5 एकरांच्या आत हवी. सहा एकर कोरडवाहू, वर्षाला हाती काही लागत नाही, तरी नियमात बसत नाही. सातबारा आधी तपासा. हे दाखले आर्थिक वर्षाला बांधलेले असतात, तेव्हा एप्रिल उजाडताच अर्ज टाका. जूनमध्ये तहसीलला अकरावी आणि इंजिनिअरिंगवाल्यांची झुंबड असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही याच उन्हाळ्यात बघून घ्या. वडिलांच्या नावातला एक ‘ए’ कमी-जास्त असला तर ते दुरुस्त करायला महिना जातो.